अ‍ॅडमिशन मिळालंय, पण पैसे कोण देणार ते कुणीच सांगत नाहीये

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, मेकॅनिकलमध्ये मास्टर्स केलंय, थीसिस मायक्रोचॅनल कूलिंगवर होता. नंतर तीन वर्षं कंपनीत सिम्युलेशनचं काम करतेय. आता पीएचडी करायचीच आहे, पण स्वतःच्या पैशाने अजिबात शक्य नाही. वर्षभर जगभरच्या प्रोफेसरांना मेल टाकतेय, बहुतेक ठिकाणहून उत्तरच नाही. सध्या हातात दोन गोष्टी आहेत. एका परदेशी युनिव्हर्सिटीत पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळालंय, पण फंडिंगचं विचारलं की 'जॉइन झाल्यावर बघू, स्कॉलरशिपला अप्लाय करता येतं' एवढंच उत्तर येतं. दुसरं म्हणजे युरोपातल्या एका लॅबमध्ये रिसर्च असिस्टंटची वर्षभराची नोकरी, पगार आहे, प्रोफेसर म्हणतात काम आवडलं तर पुढे पीएचडीचं जमवू. घरचे म्हणतात पीएचडीचं अ‍ॅडमिशन सोडू नकोस, नोकरी काय कधीही मिळेल. वय २८ झालंय, मार्क ठीकठाक आहेत. काय करू?"

उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे तू खालपर्यंत धाकधुकीत वाचत बसणार नाहीस. बिनपैशाचं अ‍ॅडमिशन सोड. नोकरी घे, पण 'पुढे जमवू' या दोन शब्दांवर घेऊ नकोस, त्याआधी चार प्रश्न लेखी विचार, ते खाली सांगते. आणि पीएचडीच्या जागांसाठी अर्ज करणं चालूच ठेव, फक्त आत्ता करतेयस तसं नाही.

घरच्यांचं चूक नाहीये, त्यांना अ‍ॅडमिशन म्हणजे दरवाजा उघडला असं वाटतं, आणि डिग्री कोर्सच्या बाबतीत ते खरंही असतं. पण इंजिनिअरिंगमधली पीएचडी ही बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी पैशावर चालणारी कामाची जागा असते. लॅबला रिग (प्रयोगाची यंत्रणा) चालवायला, कोड लिहायला, टेस्टिंग करायला माणूस हवा असतो आणि त्या माणसाचे पैसे कुठल्यातरी ग्रँटमधून, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या निधीतून येतात. म्हणून एखादा इंजिनिअरिंग विभाग तुला ये म्हणतोय पण पैसे नाहीत म्हणतोय, तर त्याचा सरळ अर्थ असा की तुझ्यासाठी प्रोजेक्टही ठरलेला नाहीये, आणि गाइडच्या वेळात तुझा नंबर पैसे मिळणाऱ्या पोरांच्या नंतर लागणार. अपवाद असतात, घरची परिस्थिती भक्कम असलेले किंवा कंपनीने पाठवलेले लोक असे जातात, तू त्यातली नाहीस हे तूच लिहिलंयस. जॉइन झाल्यावरच्या स्कॉलरशिपचं म्हणशील तर त्या खरंच असतात, पण तिथे जाऊन वर्षभर फी भरून मग त्या रांगेत उभं राहायचं आणि नाही मिळाली तर काय, याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

आता मेल्सबद्दल, कारण तुझा खरा लोच्या मला तिथे दिसतोय. तू सगळ्या देशांतल्या प्रोफेसरांना एकाच पद्धतीने मेल करतेयस आणि प्रत्येक देशात जागा भरायची पद्धत वेगळी आहे. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे इथे पीएचडी म्हणजे सरळसरळ नोकरी असते, पगार, सुट्ट्या, पेन्शन सगळं कायद्याप्रमाणे, आणि जागा नोकरीच्या जाहिरातीसारखी निघते, शेवटची तारीख असते, पोर्टलवरून अर्ज करावा लागतो. तिथल्या प्रोफेसरला 'तुमच्याकडे जागा आहे का' असा मेल गेला तर तो बिचारा मनात आणूनही काही करू शकत नाही, जागा निघाल्याशिवाय त्याच्या हातात काही नसतं. नेदरलँड्सच्या जागा अ‍ॅकॅडेमिकट्रान्सफरवर बघ, युरोपभरच्या युराक्सेसवर, ब्रिटनच्या फाइंडअपीएचडीवर आणि जॉब्स डॉट एसी डॉट यूके वर. आठवड्यातून एक दिवस ठरवून बघायचं, रोज बघत बसलीस तर डोकं फिरेल.

जर्मनीत उलटं. तिथे इंजिनिअरिंगचं डॉक्टरेट बहुतेक जण प्रोफेसरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सायंटिफिक स्टाफ म्हणून नोकरी करत करतात, आणि माणूस निवडण्यात प्रोफेसरचा शब्द चालतो, तिथे नीट लिहिलेल्या मेलला खरोखर उत्तर येतं. सरकारी पगारश्रेणी टीव्ही-एल ई १३ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि त्याच्या शेजारी एक टक्केवारी असते, तिकडे लक्ष दे. १०० टक्के, ७५, ६५, ५० असं काहीही असू शकतं. काम तर पूर्णच करायचं असतं पण पगार तेवढ्या टक्क्यांचा. इंजिनिअरिंगमध्ये १०० टक्क्यांच्या जागा बऱ्याच निघतात, त्यामुळे ५० ची दिसली की 'उरलेल्या वेळात थीसिस लिहायचा' म्हणजे नेमकं काय ते विचारून घ्यायचं. आणि तिथे इंडस्ट्रीचे प्रोजेक्ट, शिकवणं, लॅबची कामं यात थीसिस मागे पडतो, चार वर्षांचं पाच-सहावर जातं, याचीही तयारी ठेव.

अमेरिकेत अजून तिसराच प्रकार. तिथे विभागाची कमिटी सगळे अर्ज एकत्र बघते, फॉलच्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राच्या जागांसाठी डिसेंबर-जानेवारीत मुदत संपते, मग एप्रिलमध्ये कुणाला मेल टाकून काही उपयोग नाही. प्रोफेसरला आधी लिहायचं ते एवढ्यासाठीच की कमिटीत त्याने म्हणावं, ही मुलगी मला हवी आहे, माझ्या ग्रँटमध्ये पैसे आहेत. पैसे येतात ते रिसर्च असिस्टंटशिप, टीचिंग असिस्टंटशिप किंवा फेलोशिप अशा रूपात. यातल्या सगळ्यात नावाजलेल्या एनएसएफच्या (अमेरिकी सरकारची विज्ञान निधी देणारी संस्था) ग्रॅज्युएट फेलोशिपवर वेळ घालवू नकोस, ती फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. ऑफर आली तर तीन गोष्टी बघ: ट्यूशन माफ आहे का, ट्यूशन सोडून ज्या बाकीच्या फिया असतात त्या कोण भरणार, आणि स्टायपेंड ९ महिन्यांचा आहे की १२. नऊचा असेल तर उन्हाळ्यात काय खायचं हा प्रश्न दरवर्षी येतो. अजून एक, तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी एक ठराव मान्य केलाय की फंडिंगच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही. 'उद्यापर्यंत सांग' असा दबाव कुणी आणला तर शांतपणे या तारखेची आठवण करून द्यायची.

ब्रिटनमध्ये जाहिरातीत 'फुल्ली फंडेड' वाचून उड्या मारू नकोस, खाली बारीक अक्षरात 'होम फी' असं असतं पुष्कळदा. म्हणजे स्टायपेंड मिळेल, फी भरतील पण स्थानिक विद्यार्थ्याच्या दराने, आणि परदेशी विद्यार्थ्याची फी त्यापेक्षा कितीतरी जास्त, मधला फरक तुझ्या डोक्यावर. सरकारी रिसर्च कौन्सिलच्या स्टुडंटशिप २०२१ पासून परदेशी मुलांनाही खुल्या झाल्यात, पण त्यातला ३० टक्क्यांपर्यंतच हिस्सा त्यांना देता येतो, म्हणून स्पर्धा जोरात असते. तिथे सेंटर फॉर डॉक्टरल ट्रेनिंग नावाचा प्रकार आहे, एका विषयावर दहा-पंधरा जणांची बॅच घेतात, चार वर्षांचे पैसे देतात, कंपन्या जोडलेल्या असतात. तुझ्यासारख्या कंपनीतून येणाऱ्यांना ते बरं जमतं. काही इंजिनिअरिंग विषयांना तिथे एटास नावाचं सिक्युरिटी क्लिअरन्स लागतं, नागरिकत्वाप्रमाणे, आणि त्याला आठवडे जातात, ऑफर आल्याआल्या तो अर्ज टाकायचा, नाहीतर व्हिसा तिथेच अडकतो.

जपानचं एका ओळीत सांगते: तिथल्या सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप, एक वाट दूतावासातून आणि एक युनिव्हर्सिटीतून, दोन्हीचं वेळापत्रक वेगळं.

आता तुझ्या युरोपातल्या नोकरीकडे येऊ. इथे एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल असं वाटतंय म्हणून जरा सविस्तर लिहिते. युरोपियन युनियनचे मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क असतात, म्हणजे अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून काढलेल्या पीएचडीच्या जागा, इंजिनिअरिंगमध्ये पुष्कळ, पगार चांगला, राष्ट्रीयत्वाची अट नाही, वय कुणी विचारत नाही, फक्त आधीची पीएचडी नको. पण त्यात मोबिलिटीची अट आहे: ज्या देशातली जागा आहे त्या देशात, रुजू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत, तू १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली किंवा काम केलेली नसावी. आता बघ, तुझी नोकरी १२ महिन्यांची आहे. ती संपल्यावर प्रोफेसर म्हणाले अजून सहा महिने थांब, प्रोजेक्ट लांबलाय, आणि तू थांबलीस, की त्या देशातल्या सगळ्या मारी क्युरी जागा तुझ्यासाठी पुढची काही वर्षं बंद. बाकीच्या देशांतल्या चालूच राहतील, त्यामुळे जीव जाण्यासारखं काही नाही, पण हे माहीत असून थांबणं वेगळं आणि माहीत नसताना थांबणं वेगळं. अजून एक, या नेटवर्कचे पैसे साधारण ३ वर्षांचे असतात आणि बऱ्याच देशांत पीएचडीला चार लागतात. चौथ्या वर्षाचं काय हे इंटरव्ह्यूमध्येच विचारायचं, विचारलं म्हणून कुणी नाराज होत नाही, उलट हिला कळतं असं वाटतं.

ते चार प्रश्न. प्रोफेसरना मेलवरच विचार, फोनवर नको, म्हणजे उत्तर लेखी राहील.

पहिला, प्रोजेक्टचा पैसा कुठून येतो आणि कधी संपतो. ग्रँट अजून तीन वर्षं चालणार असेल तर 'पुढे जमवू' मध्ये दम आहे, आणि तुझ्याच बरोबर संपणार असेल तर पुढचं सगळं नव्या ग्रँटवर अवलंबून, जी मिळेलच असं प्रोफेसरही सांगू शकत नाहीत. दुसरा, या वर्षात केलेलं काम पीएचडीत धरलं जाईल का, म्हणजे मध्येच रजिस्ट्रेशन करता येईल का, की शून्यापासून सुरुवात. तिसरा, पेपरमध्ये नाव असेल का. कंपनीच्या पैशाचा प्रोजेक्ट असेल तर गोपनीयतेचा करार असतो, त्यात रिझल्ट छापायला महिनोन्‌महिने परवानगी मिळत नाही, आणि वर्षभराच्या नोकरीतून एकही पेपर, निदान कॉन्फरन्सचा तरी, हातात न घेता तू बाहेर पडलीस तर पुढच्या अर्जाला त्याचा अर्धाच उपयोग.

चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या आधी या जागेवर जे होते ते आता कुठे आहेत? नावं नको विचारूस हवं तर, पण किती जण तिथेच पीएचडीला लागले, किती दुसरीकडे गेले. मग लॅबच्या वेबसाइटवर माजी सदस्यांची यादी असते ती बघ आणि त्यातल्या दोघांना स्वतः मेल कर. त्यांना 'सर कसे आहेत' असं विचारू नकोस, सगळे चांगलेच आहेत म्हणतील. रिग चालू आहे का विचार. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण प्रयोगाच्या लॅबमध्ये वर्षं कशात जातात तर यात: पंप मागवलाय, आला नाही, आला तर सील गळतंय, सेन्सरचं कॅलिब्रेशन बाहेर करायला पाठवलंय, वर्कशॉपचा टेक्निशियन निवृत्त झाला आणि ती जागाच भरली नाही. एक वर्षाच्या नोकरीत आठ महिने रिग उभी करण्यात गेले तर तुला शिकायला मिळेल भरपूर, दाखवायला काही नाही. असं असेल तर प्रोफेसरना आधीच म्हण की सिम्युलेशनचा भाग मी समांतर सुरू करते, तुझा तो हात बसलेलाच आहे, त्यातून निदान काहीतरी छापण्यासारखं निघेल.

उत्तरं गोलगोल आली तरी मी म्हणेन नोकरी घे, फक्त मग ती एक वर्षाची नोकरी म्हणूनच घे आणि तिसऱ्या महिन्यापासून बाकीकडे अर्ज सुरू कर. लॅबमधल्या प्रोफेसरचं शिफारसपत्र हे कंपनीतल्या मॅनेजरच्या पत्रापेक्षा निवड करणाऱ्यांना जास्त कळतं, हा एवढा फायदा तरी पक्का आहे. हो, आणि रिसर्च इंजिनिअर नावाच्या जागाही बघत जा, युनिव्हर्सिटीत आणि जर्मनीतल्या फ्राउनहोफरसारख्या संशोधन संस्थांत असतात, पीएचडी नसली तरी चालते, पगार बरा असतो, कधीकधी त्यातून पुढे डॉक्टरेटला वाट मिळते. त्या जागांकडे लोक उगाच कमी लेखून बघतात.

आता तू सोबत पाठवलेला मेलचा नमुना. वाईट वाटून घेऊ नकोस पण मी असे मेल आमच्या विभागात येताना रोज बघते आणि ते दोन सेकंदांत जातात. 'आदरणीय सर, तुमच्या थोर संशोधनाने मी प्रभावित झाले, मी मेहनती आहे आणि लवकर शिकते, कृपया संधी द्या, सोबत सीव्ही, मार्कशीट, सर्टिफिकेट्स.' यात नाव बदललं की हाच मेल सिव्हिलवाल्यालाही चालेल. आणि 'सर' म्हणून तू दोन बायकांनाही पाठवलायस, नीट बघ.

त्याऐवजी असं काहीतरी लिही, इंग्रजीत अर्थातच: तुमच्या ग्रुपच्या फ्लो बॉइलिंगवरच्या अमुक पेपरमध्ये अरुंद चॅनलमधल्या प्रेशर ड्रॉपचा मुद्दा आहे. माझ्या मास्टर्स थीसिसमध्ये मी अशाच चॅनलचं सिम्युलेशन केलं होतं आणि माझा आकडा प्रयोगापेक्षा सतत कमी येत होता, कारण शोधताना इनलेटजवळची मेश आणि दोन्ही फेजमधल्या घर्षणाचं मॉडेल असे दोन संशयित सापडले, त्यातला पहिला मी तपासला, दुसरा राहिला. गेली तीन वर्षं इंडस्ट्रीत याच प्रकारचं काम करतेय. तुमच्याकडे या विषयावर फंडेड जागा निघणार असेल तर कधी आणि कुठे जाहीर होईल? बस. आठ-दहा ओळी, सीव्ही दोन पानांचा, थीसिसची लिंक. तुझा थीसिस मी चाळला, त्यात ही मेशची (सिम्युलेशनसाठी पाडलेल्या जाळीची) भानगड शेवटच्या चॅप्टरमध्ये लपवून ठेवल्यासारखी लिहिलीयस, खरं तर तीच सगळ्यात वाचण्यासारखी जागा आहे, कारण त्यातून कळतं की आकडा जुळला नाही तेव्हा ही मुलगी काय करते. इंटरव्ह्यूला पण बहुतेक तेच विचारतात, दहा मिनिटं थीसिस सांग म्हणतात आणि मग कुठे अडलीस, काय वेगळं केलं असतंस. तिथे 'सगळं छान झालं' म्हणणारा उमेदवार कुणालाच नको असतो.

जाहिरातीत आवश्यक आणि असल्यास उत्तम अशा दोन याद्या असतात ना, त्यातली पहिली पूर्ण बसत असेल आणि दुसरीतलं अर्धं जरी असेल तरी अर्ज कर. मुली इथे फार मागे हटतात, सगळंच्या सगळं बसल्याशिवाय अर्ज टाकत नाहीत असं मला तरी दिसतं, आणि शेजारचा पोरगा निम्म्यावर टाकून मोकळा होतो. मार्कांचं म्हणशील तर कटऑफ लिहिलेला असेल आणि तू खाली असशील तर तिथे वेळ घालवू नकोस, लिहिलेला नसेल तर तीन वर्षांचं सिम्युलेशनचं काम मार्कांना बरंच झाकतं. कंपनीच्या कामाचा कोड दाखवता येणार नाही, ठीक आहे, पण थीसिसचा कोड साफ करून गिटहबवर टाक, रीडमी नीट लिही, दोन रविवारांचं काम आहे.

वय २८ बद्दल मी एवढंच लिहिते की नोकरी करून आलेली माणसं इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये अगदी नेहमीची असतात, ती काळजी यादीतून काढून टाक.

नेदरलँड्सची ऑफर आलीच कधी तर एक लक्षात ठेव, चार वर्षांची जागा म्हणतात पण पहिला करार वर्ष-दीड वर्षाचा असतो, मग मूल्यमापन, मग पुढचा. बघून घाबरू नकोस, तिथली ती रीतच आहे, फक्त त्या मूल्यमापनात नेमकं काय बघतात ते पहिल्याच महिन्यात विचारून घे. स्वीडनमध्ये शिकवण्याचं काम २० टक्क्यांपर्यंत लावतात आणि तेवढा काळ चार वर्षांत धरत नाहीत, म्हणून एकूण पाच होतात, पगार पाचही वर्षं मिळतो.

अ‍ॅडमिशनवाल्यांना नकार कळवताना एक ओळ घाल: फंडिंगची खात्री नसल्याने सध्या येऊ शकत नाही, पुढच्या सत्रापर्यंत अ‍ॅडमिशन पुढे ढकलता येईल का. काही ठिकाणी ढकलतात, फुकट असतं, विचारायला काय जातंय. फक्त सीट राखायला डिपॉझिट मागितलं तर देऊ नकोस. आणि प्रोफेसरचं उत्तर आलं की मला पाठव, ग्रँटच्या तारखेची ओळ सोडून बाकीचं मी आधी वाचणार नाहीये.